रोलचा फोटो, मोबाईलचा फोटो आणि एक तारीख

गॅदरिंगच्या वेळी आपल्याकडे फोटो प्रदर्शन लागतं. मागच्या वेळी त्यात माझा एक ब्लॅक अँड व्हाईट फोटो होता. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या बायका, हातात दोर, शेजारी हंडे आणि खाली तळाला गेलेलं पाणी. बऱ्याच जणांनी विचारलं, "हा रोलच्या कॅमेऱ्यावर काढला का गं? रोल अजून मिळतो? धुवायला कुठे टाकलास?"

खरं उत्तर असं, की तो फोटो मोबाईलवर काढलेला आहे. मे २०२४ मध्ये भोकरदन तालुक्यातल्या एका गावात, त्या बायकांना विचारून काढलेला. रोलचा वाटावा म्हणून मी हॉस्टेलच्या रूमवर दोन रात्री कॉम्प्युटरसमोर बसले होते. "आम्हालाही शिकव" अशी मागणी आली, म्हणून हा लेख. उदाहरणाला तोच फोटो घेते. पण त्या फोटोत मी एक चूक केली होती. ती चूक तंत्राची नव्हती आणि ती मला आपल्या वर्कशॉपमधल्या एका मामांमुळे कळली. तेही शेवटी सांगणार आहे, नाहीतर हा धडा अर्धाच राहील.

रोलमध्ये नक्की काय होतं?

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे अगदी थोडे अणू तयार होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण रोल डेव्हलपरमध्ये टाकला की प्रकाश लागलेले स्फटिक काळ्या चांदीत बदलतात आणि उरलेले स्फटिक हायपोने धुऊन निघतात. जिथे प्रकाश जास्त तिथे काळं जास्त, म्हणून निगेटिव्ह उलटी दिसते. रंगीत रोलमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. त्यात शेवटी चांदी काढून टाकतात आणि रंगद्रव्यं मागे राहतात.

मोबाईलमध्ये चांदीच्या जागी सिलिकॉन आहे. फोटॉन आला, इलेक्ट्रॉन सुटला, चार्ज साठला, एडीसीने त्याचा आकडा केला. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा त्यात १०० बाय १०० पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आज मोबाईल हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. तत्त्व मात्र तेच आहे, प्रकाश मोजायचा आणि आकडा लिहायचा.

म्हणजे 'फिल्म लूक' हा काही जादूचा फिल्टर नाही. एक रासायनिक यंत्रणा आणि एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दोघींना एकच इनपुट दिलं तर आउटपुट वेगळं येतं. हा फरक समजला की एडिटिंग सोपं होतं.

सरळ रेष आणि 'एस'

सेन्सर हिशोबाला पक्का. प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. पण भांडं भरलं की संपलं. त्यापुढे कितीही प्रकाश येवो, आकडा तोच. जेपेग फोटोत हा वरचा आकडा २५५ असतो. तिथे पोचलेला भाग कोरा पांढरा, त्यात काहीच तपशील नाही.

फिल्मचं तसं नाही. इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये फोटोच्या प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिचा काळेपणा यांचा आलेख छापला. यातला ड्रिफील्ड आपल्यासारखाच इंजिनिअर. आलेख 'एस' आकाराचा आला. खाली हळूहळू चढणारा पायथा, मध्ये सरळ चढ आणि वर हळूहळू आडवा होत जाणारा खांदा. हा खांदाच रोलच्या फोटोचं खरं गुपित आहे. प्रकाश खूप वाढला तरी फिल्म एकदम हात टेकत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना लगेच कळेल. ऑप-अँपला जास्त इनपुट दिलं की साइन वेव्हचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तोच माथा गोल होत दबतो. सेन्सर ऑप-अँपसारखा वागतो आणि फिल्म व्हॉल्व्हसारखी.

वेचणीला आलेल्या कपाशीच्या शेतात भर दुपारी मोबाईलवर फोटो काढून बघा. फुटलेला कापूस म्हणजे नुसते पांढरे ठिपके. रोलवर त्याच कापसात धागा आणि सावली दिसली असती.

पहिलं काम फोटो काढतानाच

जो भाग २५५ ला पोचला तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून मोबाईलमध्ये एक्स्पोजर थोडं खाली ओढूनच फोटो काढायचा, साधारण अर्धा ते एक स्टॉप. सावल्या काळ्या वाटल्या तरी चालतील, त्या नंतर उचलता येतात. रोलवाले याच्या उलट करायचे. निगेटिव्हवर सावली जपायची, उजेड आपोआप सांभाळला जायचा.

मोबाईलमध्ये 'रॉ' फोटोची सोय असेल तर ती वापरा. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉ फाईलमध्ये ४०९६. मोबाईल स्वतःहून जो एचडीआर आणि शार्पनेस लावतो तो शक्य असेल तर बंद करा. कडांभोवती दिसणारी पांढरी रेघ ही डिजिटल फोटोची सगळ्यात मोठी चुगली आहे.

आता एडिटिंग

मी जिम्प वापरते. फुकट आहे, अधिकृत आहे, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला होता, म्हणजे एक प्रकारे आपल्याच जातकुळीतला. दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी नावं जवळपास हीच असतात.

पायरी १, कर्व्ह. कलर्स मेनूतून कर्व्ह्ज उघडा. तिथे तिरकी सरळ रेष दिसते. तिला आपण हर्टर-ड्रिफील्डचा 'एस' करायचा. इनपुट ० ला आउटपुट १०, ६४ ला ५४, १२८ ला १३२, १९२ ला २०५ आणि २५५ ला २४४. मधला चढ वाढला, दोन्ही टोकं मऊ झाली. हे आकडे म्हणजे कायदा नाही, सुरुवात आहे. चेहरा बघत बघत एकेक बिंदू हलवा.

पायरी २, काळा-पांढरा. नुसतं डीसॅच्युरेट करू नका. मोनो मिक्सर उघडा. त्यात लाल, हिरवा आणि निळा कितपत घ्यायचा ते आपण ठरवतो. तिघांची बेरीज १ ठेवायची, म्हणजे उजेड बदलत नाही. विहिरीच्या फोटोला मी लाल ०.४५, हिरवा ०.४५ आणि निळा ०.१० घेतला. निळा कमी केला की आकाश गडद होतं. रोलवाले याच कामासाठी लेन्सवर पिवळी काच लावायचे.

याच पायरीवर एक गंमत कळते. फार जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. त्यामुळे तसल्या फोटोत लाल कुंकू कोळशासारखं काळं येतं आणि चेहरा असतो त्यापेक्षा सावळा. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लालही दिसू लागला. मिक्सरमध्ये लाल ० करून बघा, शंभर वर्षं मागे गेल्यासारखं वाटेल.

पायरी ३, रंगीत ठेवायचा असेल तर. कर्व्ह्जमध्ये निळा चॅनल निवडा. खालचं टोक ० वरून १५ ला उचला, वरचं टोक २५५ वरून २३५ ला आणा. सावल्या किंचित निळसर आणि उजेड किंचित पिवळसर होतो. नंतर हिरव्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं कमी करून त्याला पिवळ्याकडे सरकवा. आपल्याकडच्या मोसंबीच्या बागा मोबाईलमध्ये प्लॅस्टिकसारख्या हिरव्या येतात, ते यामुळे सुधारतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, रंग नुसता फिल्ममध्ये नसतो, तो प्रक्रियेतही असतो. प्रभात कंपनीने १९३३ मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करायचं ठरवलं. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला गेले, तिथे प्रिंट काढल्या, आणि रंग मनासारखे आले नाहीत. एवढी मोठी कंपनी, एवढी मेहनत, पण घोडं अडलं लॅबमध्ये. तेव्हा पहिल्या प्रयत्नात रंग बिघडले तर आपण निराश व्हायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. परदेशातल्या लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून ठेवत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. यंत्र तिच्या चेहऱ्यावर जुळवलेलं, मग सावळ्या माणसांचे चेहरे बिघडायचेच. आजही बाजारात मिळणारे तयार प्रिसेट आपल्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यांना कधी राखाडी तर कधी नारिंगी करतात. प्रिसेट लावा, पण शेवटी चेहऱ्याकडे बघून दुरुस्त करा.

पायरी ४, प्रकाशाचं वलय. फिल्मवर फार तेजस्वी ठिपका पडला की प्रकाश थरातून आरपार जातो, मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि ठिपक्याभोवती लालसर-नारिंगी वलय उमटतं. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमधून बाहेर येणारी लाल सळई रंगीत फोटोत घ्यायची असेल तर हे फार शोभतं. फोटोचा डुप्लिकेट लेअर करा, त्यात फक्त सगळ्यात उजळ भाग ठेवा, गॉशियन ब्लर द्या, लालसर रंग द्या, मोड स्क्रीन करा आणि ओपॅसिटी १५ टक्क्यांच्या आसपास. दिवसाच्या साध्या फोटोला याची गरज नाही. विहिरीच्या फोटोत मी हे वापरलं नाही.

पायरी ५, दाणे. हे सगळ्यात शेवटी, फोटो हव्या त्या आकाराला आणल्यानंतरच. आधी दाणे घालून मग फोटो लहान केला तर दाणे मरतात. नवीन लेअर घ्या, त्यात मधला राखाडी रंग, म्हणजे १२८, भरा. त्यावर काळा-पांढरा नॉइज टाका, रंगीत नाही. मग ०.८ पिक्सेलचा गॉशियन ब्लर, कारण फिल्मचा दाणा पिक्सेलसारखा चौकोनी नसतो. लेअर मोड ग्रेन मर्ज करा आणि ओपॅसिटी २० ते ३० टक्के. खरे दाणे मधल्या करड्या भागात जास्त दिसतात, शुभ्र आणि गडद भागात कमी. म्हणून लेअर मास्क लावून दोन्ही टोकांचे दाणे थोडे पुसा. दाणे लगेच नजरेत भरले तर समजा जास्त झाले.

इथपर्यंत आलात की फोटो रोलचा वाटतो. इथेच थांबायला हवं. मी थांबले नाही.

मी काय केलं

मला तो फोटो नुसता रोलचा नको होता, जुना हवा होता. म्हणून मी त्यावर ओरखडे टाकले. धुळीचे ठिपके टाकले. कडेला निळ्या प्लॅस्टिकच्या दोन घागरी होत्या, त्या क्रॉप केल्या. मागे मोबाईलचा टॉवर दिसत होता, तो क्लोन टूलने पुसला. शेवटी कडा पिवळट केल्या आणि खाली एकच शब्द लिहिला, 'थर्स्ट', तोही इंग्रजीत. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात अडतो. शिवाय इंग्रजीत जरा आर्टिस्टिक वाटेल असंही वाटलं. तारीख लिहिली नाही, गावाचं नाव लिहिलं नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. वर्कशॉपचे मामा त्या फोटोसमोर उभे होते. चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे. मला बघून म्हणाले, "ताई, हा फोटू बहात्तरचा हाये ना?"

आधी मला आनंदच झाला. म्हटलं, जमलं! मग लक्षात आलं, की मामा फोटो बघत नव्हते, एकेक चेहरा बघत होते.

"कुणाला शोधताय मामा?"

"मायला. बहात्तरला ती आमाला घिऊन तलावाच्या कामावर व्हती. पाण्याला अशीच विहिरीवर रांग. तिचा एकबी फोटू नाही आमच्याकडं. म्हटलं, बघावं दिसती का."

काय बोलावं ते सुचेना. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आपण घरी ऐकलेलं असतं. खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला लाखो माणसं गेली, त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं सुरू झाली. त्या काळात खेड्यातल्या बाईचा फोटो कोण काढणार? कॅमेरा तालुक्याच्या स्टुडिओत. रोलही बहुतेक काळा-पांढराच. उटीच्या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाच्या फिल्मचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं होतं, आज तो कारखाना बंद आहे. पुढे आपल्या गल्लीतल्या कलर लॅबपर्यंत पोचलेली सी-४१ नावाची रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया कोडॅकने बाजारात आणली तीच मुळी १९७२ मध्ये. हे सगळं मी 'जुना लूक' जमवण्यासाठी वाचलं होतं. ज्यांच्या आईचा एकही फोटो नाही असा माणूस समोर येईल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मी खरं सांगितलं. मामा, हा २०२४ चा आहे, मीच काढलाय, जुना दिसावा म्हणून असा केलाय.

मामा रागावले नाहीत. परत एकदा फोटोकडे बघून म्हणाले, "म्हंजे आत्ताचा हाये? मग ह्या बाया आजूनबी तशाच उभ्या हायेत की."

आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून निघून गेले.

चूक कुठे होती?

त्या रात्री बराच विचार केला. कर्व्ह, मिक्सर, दाणे यात खोटं काही नव्हतं. ती पूर्ण फोटोवर सारखीच चालते, रोल बदलल्यासारखी. त्याने फोटोचा स्वभाव बदलतो, फोटोतली गोष्ट बदलत नाही. ओरखडे, पिवळेपणा आणि पुसलेला टॉवर यांचं काम वेगळं होतं. ओरखडा हा फिल्मचा गुण नाही, तो काळाचा पुरावा आहे. रोलही पहिल्या दिवशी स्वच्छच असतो. रंगीत प्रिंट वर्षानुवर्षांनी लालसर पडते, कारण तिच्यातली रंगद्रव्यं सारख्या वेगाने उडत नाहीत. ते तिचं वय आहे. मी दोन रात्रींत फोटोला पन्नास वर्षांचं वय दिलं होतं.

मोठ्या लोकांकडूनही हे झालेलं आहे. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते आणि त्यावरून खूप टीका झाली. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद केले गेले. रंगाचा पोत चालतो, वस्तू काढणं-घालणं चालत नाही, अशी रेष तिथे आखलेली आहे.

माझं नुकसान तर याहून साधं होतं. मामांचं वाक्य ज्या गोष्टीमुळे सुचलं तीच मी फोटोतून काढून टाकली होती. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात भोकरदनही होता. टॉवर मागे आहे, खिशात मोबाईल आहे, आणि बाई अजून विहिरीच्या काठावरच आहे. हे त्या फोटोत होतं. मी ते पुसून त्याला 'जुन्या दिवसांचा' फोटो केला. बघणारा 'बिचारे, तेव्हा किती हाल' म्हणून पुढे गेला. तारखेसकट बघितला असता तर थांबला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो बदलला. ओरखडे काढले, टॉवर आणि निळ्या घागरी परत आणल्या. कर्व्ह आणि दाणे ठेवले, कारण ते मला आवडतात आणि त्यात काही लपत नाही. खाली मराठीत गावाचं नाव, तालुका आणि 'मे २०२४' लिहिलं. दोन मैत्रिणींकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. त्या दिवशी त्या फोटोसमोर गर्दी कमी होती, पण जे थांबले ते जास्त वेळ थांबले.

जाता जाता

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी एक महिना असं करून बघा. रोलमध्ये ३६ फोटो असायचे, तसे महिन्यात फक्त ३६ काढा. काढल्यावर लगेच स्क्रीन बघू नका, संध्याकाळी रूमवर येऊन बघा. प्रत्येक फोटोची तारीख, जागा आणि समोर कोण होतं ते वहीत मराठीत लिहा. मूळ फाईल कधीही पुसू नका, एडिटिंग नेहमी कॉपीवर करा. आणि कोणी विचारलं, "हा रोलचा आहे का?" तर खरं सांगा. त्याने फोटोची किंमत कमी होत नाही.

मामा पुढच्या वर्षी रिटायर होत आहेत. त्यांच्या आईचा फोटो मी कुठून आणणार? पण गेल्या महिन्यात त्यांचा आणि त्यांच्या नातीचा एक फोटो काढला, वर्कशॉपच्या दारात, सकाळच्या उन्हात. वर सांगितलेला कर्व्ह दिला, थोडे दाणे दिले, ओरखडा एकही नाही. प्रिंट काढून आणली आणि मागे पेन्सिलने दोघांची नावं आणि तारीख लिहून त्यांना दिली.